मुशीतून वाचलेलं रोम

१७८६च्या सुमारास नेल्लोरजवळ एक शेतकरी टेकडीच्या उतारावरची खडकाळ जमीन नांगरत होता. फाळ विटांना अडला. त्याने खणून पाहिलं, तर एका लहानशा देवळाचं जोतं निघालं आणि त्याखाली एक गाडगं. गाडग्यात सोन्याची नाणी होती. त्याने ती जुनं सोनं म्हणून विकून टाकली. त्याच्या जागी दुसऱ्या कोणीही तेच केलं असतं. नाण्यावरच्या नाकेल्या माणसाशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं, आणि कडेने कोरलेली अक्षरं त्या मुलखात वाचणार तरी कोण?

बरीचशी नाणी मुशीत गेली. अर्काटच्या नवाबाचा मुलगा अमीर-उल-उमरा याच्या कानावर ही गोष्ट गेली, तेव्हा त्याने शोधाशोध करून तीसेक नाणी परत मिळवली. त्या वेळी मद्रासचे गव्हर्नर होते अलेक्झांडर डेव्हिडसन. सगळ्या नाण्यांतून दोन निवडण्याचा पहिला मान त्यांना मिळाला. त्यांनी एक सम्राट हेड्रियनचं घेतलं आणि एक राणी फॉस्टिनाचं. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला त्यांनी पत्राने सगळी हकिगत कळवली आणि ती सोसायटीच्या शोधपत्रिकेच्या दुसऱ्या खंडात छापून आली. भारतात रोमन नाणी सापडल्याच्या सुरुवातीच्या छापील नोंदींपैकी ही एक. काही नाणी टांकसाळीतून कालच बाहेर पडल्यासारखी कोरी होती, काही झिजलेली होती आणि काहींना भोकं पाडलेली होती, म्हणजे ती कोणाच्या तरी दंडावर किंवा गळ्यात असावीत, एवढं डेव्हिडसन यांनी नेमकं टिपलं आहे. हौशी माणसाच्या मानाने नजर चांगलीच म्हणायची.

पण त्या गाडग्यात एकूण किती नाणी होती, कोणत्या सम्राटाची किती आणि सर्वांत उशिराचं नाणं कोणाचं, हे आता कधीच कळणार नाही. भारतातल्या रोमन नाण्यांच्या संग्रहाची बहुतेक कहाणी याच वळणाने गेली आहे. सोनाराच्या हातून जे निसटलं ते संग्राहकाने वाचवलं हे खरं. पण पुष्कळदा नाणं वाचलं आणि त्याचा पत्ता हरवला.

हे सोनंचांदी इथे आलंच कसं, हे थोडक्यात सांगायला हवं. इजिप्त रोमच्या ताब्यात आल्यावर तांबड्या समुद्रातल्या बंदरांतून दरवर्षी पावसाळी वाऱ्यांवर जहाजं निघत आणि भडोच किंवा मलबारातलं मुझिरिस गाठत. परतताना ती मिरी, मोती, हस्तिदंत, तलम कापड आणि सुगंधी द्रव्यं भरून नेत. बदल्यात द्यायला रोमकडे दारू होती, पोवळं होतं, काच होती; पण हिशेब मिटवायला लागे ती रोकड. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी कुरकुर रोमन लेखक थोरल्या प्लिनीने करून ठेवली आहे. आकडा त्याने फुगवला असेल. त्याला रोमच्या उधळ्या बायकांवर टीकाही करायची होती. पण ज्या ग्रीक खलाशाने 'पेरिप्लस' हे समुद्रप्रवासाचं टिपण लिहिलं, त्याला कोणावर टीका करायची नव्हती. भडोचला सोन्याची आणि चांदीची रोमन नाणी आणावीत, स्थानिक चलनात ती बदलताना नफा होतो, असं तो सरळ व्यापाऱ्याला सांगावं तसं सांगतो. त्याच टिपणात पैठण आणि तेर ही आपली गावंही येतात. पैठणहून गोमेद जातीचे खडे आणि तेरहून कापड गाड्यांतून भडोचला येई.

रोमच्या नाण्यावर इथल्या बाजाराचा एवढा भरवसा का होता? प्लिनीनेच श्रीलंकेच्या राजाची एक गोष्ट सांगितली आहे. एक रोमन माणूस वाऱ्याने भरकटत त्या बेटावर पोचला. त्याच्याजवळच्या दिनारांवर वेगवेगळ्या सम्राटांचे मुखवटे होते, पण सगळ्या नाण्यांचं वजन सारखंच भरलं. त्यावरून हे लोक सचोटीचे असले पाहिजेत, असं राजाने ताडलं. गोष्ट खरी असो वा रचलेली, मुद्दा तागडीचा आहे. ऑगस्टसच्या काळचं सोन्याचं नाणं, ऑरियस, आपल्या जुन्या मापाने साधारण आठ मासे भरतं आणि चांदीचा दिनार चार मासे. चांदीही जवळजवळ शुद्ध. पुढे इ.स. ६४मध्ये नीरोने दोन्ही नाणी हलकी केली आणि चांदीत हीण वाढवलं. भारतीय व्यापाऱ्यांना ते कळायला वेळ लागला नसावा, कारण इथल्या साठ्यांतले चांदीचे दिनार बहुतांश नीरोच्या आधीचेच आहेत.

त्यातही दोनच छापांची गर्दी आहे. एका छापावर ऑगस्टसचे दोन नातू, गायस आणि ल्युशियस, मध्ये ढाली आणि भाले ठेवून उभे आहेत. दुसरा तिबेरियसचा. त्याच्या पाठीमागच्या बाजूला खुर्चीत बसलेली एक स्त्री आहे, बहुधा त्याची आई लिव्हिया. दोन्ही छापांची नाणी फ्रान्समधल्या ल्यों गावच्या टांकसाळीत पडली आणि तिथून इजिप्तमार्गे कोइमतूर आणि नळगोंड्याच्या शेतांत येऊन पुरली गेली. बाजाराला एकदा एखादी छाप पटली की तो तीच मागत राहतो. म्हणूनच तिबेरियसचं नाणं सापडलं तर ते तिबेरियसच्याच काळात इथे आलं, असं म्हणता येत नाही. तो मेल्यानंतरही पन्नास वर्षं व्यापारी तीच जुनी, कसदार नाणी वेचून पाठवत असावेत. हा साधा मुद्दा समजायला अभ्यासकांना विसावं शतक बरंच उलटावं लागलं.

नेल्लोरनंतर साठ वर्षांनी, १८४७मध्ये, मलबारात कण्णूरजवळच्या कोट्टयम इथे जे सापडलं त्यापुढे आधीचं सगळं किरकोळ वाटतं. रबरासाठी प्रसिद्ध असलेलं कोट्टयम ते दुसरं. हे त्याच नावाचं उत्तर मलबारातलं खेडं. ओढ्याकाठच्या वाळूत सोन्याचे कण शोधणाऱ्या लोकांना पितळी भांड्यात भरून ठेवलेली सोन्याची नाणी मिळाली. किती? पाच हमालांना वाहून न्यावी लागली एवढी, असं त्या वेळी बोललं गेलं आणि तसंच छापलंही गेलं. या आकड्यावर मी पैज लावणार नाही; सोनं सापडलं की ओझी वाढतात. पण नाणी शेकड्यांनी होती यात शंका नाही. शोधणाऱ्यांनी तोंड बंद ठेवलं. नाणी हळूहळू आसपासच्या बाजारांत दिसू लागली, सुरुवातीला मातीमोलाने. मग सोनारांनी कसोटीवर रेघ ओढून पाहिली, सोनं चोख निघालं आणि भाव चढत गेला. भाव चढला तशी मूसही पेटली. इतकं शुद्ध सोनं दागिन्याला कोणाला नको असतं?

उरलेल्यांपैकी बरीच नाणी त्रावणकोरच्या महाराजांनी मिळवली, काही तिथले ब्रिटिश रेसिडेंट जनरल कलन यांच्याकडे गेली. हेबर ड्रुरी नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने महाराजांच्या नाण्यांची यादी केली. ड्रुरी मूळचा वनस्पतींचा अभ्यासक, पुढे त्याने भारतातल्या उपयुक्त वनस्पतींवर पुस्तकही लिहिलं. पानांचे आकार न्याहाळणाऱ्या माणसाने सम्राटांच्या हनुवट्या न्याहाळल्या आणि कोणाची किती नाणी आहेत ते लिहून काढलं. ही यादी १८५१मध्ये प्रसिद्ध झाली. कोट्टयमच्या ठेव्याबद्दल आज जे काही बोललं जातं, त्याचा मोठा आधार तीच आहे. नाण्यांमागे धावणारे साहेब पुष्कळ होते. नाणी मोजून यादी करणारे मात्र थोडे होते. मला नाण्यांमागे धावणाऱ्यांपेक्षा यादी करणारे मोठे वाटतात.

१८७८मध्ये भूमिगत निधीचा कायदा आला. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर सापडणाऱ्याने जिल्ह्याच्या कलेक्टरला कळवायचं. कोणी धनी पुढे आला नाही तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारला ते स्वतःकडे ठेवायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मोजायचा. कायदा करणाऱ्यांना सोनार ठाऊक होता. सोनार घट धरतो, सरकारने वाढ द्यायची. कागदावर योजना चोख होती. पण कलेक्टर कचेरीची पायरी चढण्यापेक्षा पेठेतला सोनार खेडुताला जवळचा वाटायचा, आणि त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. सरकारदरबारी गेलेलं धन परत येतं, यावर विश्वास ठेवायला त्याच्याकडे फारशी कारणं नव्हती.

तरीही एक ठेवा जवळपास अख्खा हाती लागला. १८९८मध्ये पुदुकोट्टै संस्थानात करुक्काकुरिची गावी ५०१ ऑरियस सापडले. ऑगस्टसपासून व्हेस्पेशियनपर्यंतची ही नाणी. त्यांतली काही आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. तिथल्या जॉर्ज हिल या नाणकतज्ज्ञाने ती तपासली, आणि नाणी सुटी न राहता एकत्र पाहता आल्यामुळे एक विलक्षण गोष्ट दिसली. दहातल्या नऊहून जास्त नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. गालावरून, कानावरून, मानेवरून आडवीतिडवी खोल खाच. सहज पडलेला ओरखडा नव्हे, हातोडी मारून केलेला घाव. तोही बहुतेक नेहमी तोंडावरच, मागच्या बाजूला नाही.

का केलं असेल? आत तांबं तर नाही ना, हे पाहायला, असं एक उत्तर. पण तेवढ्यासाठी कडेला एक टोचा पुरे. परक्या राजाचा मुखवटा आपल्या राज्यात चालू नये म्हणून तो रद्द केला, असं दुसरं उत्तर. झिजून हलकी झालेली नाणी चलनातून काढायला खूण केली, असं हिल यांचं म्हणणं. मला दुसरं उत्तर जास्त पटतं. कोणाच्या तरी हुकमाने एका जागी बसून घातलेले हे घाव आहेत. 'हे नाणं नाही, हे सोनं आहे,' असं कोणीतरी छिन्नीने लिहून ठेवलं. सुटं एखादं घाव घातलेलं नाणं लंडनच्या लिलावात आलं असतं तर 'खराब झालेलं' म्हणून स्वस्तात गेलं असतं. पाचशे एकत्र राहिली म्हणून तो घाव खराबीऐवजी पुरावा ठरला.

१९०४मध्ये मद्रास इलाख्यातले निवृत्त सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांनी तोवरच्या सगळ्या ठेव्यांची एकत्र यादी छापली. पोलाची, करूर, वेल्लालूर, नेल्लोर, कोट्टयम अशी नावं नकाशावर ठेवल्यावर दिसलं की चांदीची गर्दी कोइमतूरच्या पट्ट्यात आहे. पालघाटच्या खिंडीतून मलबारातला माल पूर्व किनाऱ्याकडे जाणारी वाट हीच. आसपास हिरवट निळ्या बेरिलच्या खाणीही होत्या आणि त्या खड्यावर रोमन बायका जीव टाकत. एकेका नाण्यावरून हे कळणं शक्यच नव्हतं. ते कळलं गावांच्या नावांवरून.

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्रात रोमन नाण्यांचे मोठे ठेवे जवळजवळ नाहीत. भडोच आणि कल्याणच्या इतक्या जवळ असून असं का? एक उत्तर नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातल्या जोगळटेंभीला मिळतं. १९०६मध्ये तिथे क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा तेरा हजारांहून मोठा साठा निघाला. त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा ठोकली होती, जेत्याचा शिक्का हरलेल्याच्या चेहऱ्यावर. नहपानाकडे एवढी चांदी कुठून आली? दख्खनमध्ये चांदीच्या मोठ्या खाणी नाहीत. भडोचला उतरलेले दिनार वितळवून त्याची नाणी पडली असावीत, असा तर्क अभ्यासक बऱ्याच काळापासून मांडत आले आहेत. हा तर्क बरोबर असेल, तर महाराष्ट्रात रोमन चांदी कमी सापडते असं नाही. ती सापडते, पण नहपानाच्या तोंडवळ्यात. दक्षिणेत तमिळ राजांना चांदीचं चलन पाडायची एवढी घाई नव्हती, म्हणून तिथे दिनार दिनार म्हणूनच राहिला. मूस काही अठराव्या शतकातल्या सोनारानेच पेटवली नव्हती.

सोन्याचा माग मात्र नाशिकच्या लेण्यात दगडावर कोरलेला आहे. नहपानाचा जावई उषवदात याने देवा-ब्राह्मणांना दिलेल्या सत्तर हजार कार्षापणांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा, हिशेब तिथे आहे. पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने दोन हजार सुवर्ण. हे सुवर्ण रोमन की कुषाणांचे, यावर विद्वानांत वाद आहे. पण पहिल्या-दुसऱ्या शतकातला सोन्याचांदीचा भाव नाशिकच्या डोंगरात आजही वाचता येतो, ही गोष्ट मला कुठल्याही ऑरियसइतकीच मौल्यवान वाटते.

नाणी नसली तरी नाण्याची नक्कल आहे. तेर आणि तेलंगणातल्या कोंडापूरसारख्या जागी तिबेरियसच्या नाण्याची हुबेहूब छाप घेऊन केलेली मातीची पदकं मिळाली आहेत, गळ्यात घालायला छिद्र किंवा कडी असलेली. खरी सोन्याची नाणीही लोक घालत. त्यांना दोन छिद्रं असतात, सम्राटाच्या डोक्याच्या अगदी वर, म्हणजे माळेत ओवल्यावर तोंड सरळ राहावं. पुतळ्यांची माळ घातलेली आपली आजी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. ज्यांना सोनं परवडत नव्हतं त्यांनी माती वापरली. शिवाय सोन्याच्या भारतीय नकलाही आहेत. त्यांवरची लॅटिन अक्षरं कारागिराने चित्र काढावं तशी काढली आहेत, नुसत्या उभ्या-आडव्या रेघा. मला त्या नकला मूळ नाण्यांपेक्षा जास्त आवडतात.

तेरच्या पांढरीतून अशा वस्तू वेचल्या त्या त्याच गावचे व्यापारी रामलिंगप्पा लामतुरे यांनी. मणी, मातीच्या मूर्ती, हस्तिदंत, पदकं, जे मिळेल ते त्यांनी गोळा केलं, आणि त्यांच्या संग्रहातूनच तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय उभं राहिलं. आज ते त्यांच्याच नावाने आहे. सुट्या वस्तू कोणत्या थरातल्या हे कळत नाही, ही या संग्रहाची मर्यादा आहेच. पण सगळं एका गावचं आहे आणि त्याच गावात आहे. त्यामुळे 'कुठलं?' या प्रश्नाला निदान अर्धं उत्तर तरी मिळतं. नवाबांच्या आणि रेसिडेंटांच्या कपाटांत नेमकं हेच नव्हतं.

कोल्हापूरला पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४०च्या दशकाच्या मध्याला ब्राँझच्या वस्तूंचा ढीग निघाला. बहुतेक भांडी देशी होती, पण त्यात मोजक्या वस्तू थेट भूमध्य समुद्राकडच्या होत्या. त्यांत ग्रीक-रोमन समुद्रदेव पोसायडनची हातात मावेल एवढी मूर्ती आहे. दाढी, उघडं पिळदार अंग, एका पायावर भार टाकून उभं राहण्याची ऐट. हातातला त्रिशूळ हरवलेला. रोमन सुरईही आहे. पुढे १९४५-४६मध्ये डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तिथे शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. घरं, थर, सातवाहनांची नाणी, सगळं नोंदलं गेलं. त्यामुळे ही मूर्ती फ्लॉरेन्सच्या एखाद्या सरदाराने विकत घेतलेल्या मूर्तीसारखी हवेत तरंगत नाही. ती सातवाहनकालीन कोल्हापुरातली आहे, असं आज म्हणता येतं. आजही ती कोल्हापूरच्या टाउन हॉल म्युझियममध्ये पाहता येते. ती इथे देव म्हणून आली की शोभेची वस्तू म्हणून? माझा कल तिसऱ्याच शक्यतेकडे आहे. मोडीतल्या भांड्यांसोबत ती एखाद्या तांबटाच्या घरी मुशीची वाट पाहत असावी.

स्वातंत्र्यानंतर नळगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला १,५३१ दिनार मिळाले, जवळजवळ सगळे ऑगस्टस आणि तिबेरियसचे. या वेळी नाणी विखुरली नाहीत. परमेश्वरी लाल गुप्त यांनी आंध्रातल्या रोमन नाण्यांचा ग्रंथ केला, त्यात ती ठेव्यासकट नोंदली. पुढे याच गुप्तांच्या पुढाकाराने नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली. अठराव्या शतकात नेल्लोरच्या गाडग्याबाबतीत जे हुकलं, ते अक्कनपल्लीत साधलं.

रोमन नाण्यांचा बाजार आज जगभर चालतो. तिबेरियसचा साधा दिनार मध्यमवर्गीय हौशी माणसालाही परवडतो, कारण असे दिनार लाखांनी पडले होते. भारतातून शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाने बाहेर नेण्याला १९७२च्या कायद्याने बंदी आहे. तरीही पावसाळ्यानंतर गावोगावच्या पांढरीत नाणी उघडी पडतात, माती उचलताना, पाया खणताना, विहीर उपसताना गाडगी फुटतात, आणि पहिली वाट अजूनही पेठेकडेच वळते. तेव्हा वाचकांपैकी कोणाच्या शेतात, वाड्यात, बांधकामावर असं काही निघालं तर एवढं करा. नाणं चिंचेने, राखेने, ब्रशने घासू नका, हिरवा थर जाऊ द्यायचा नाही. गाडग्यातली नाणी भावकीत वाटून सुटी करू नका. कोणत्या गटातून, किती खोलीवरून आणि कशासोबत मिळाली ते त्याच दिवशी लिहून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. १८७८चा कायदा अजून लागू आहे. सरकारने तो ठेवा ताब्यात घेतला तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा जास्त द्यावा, असं त्यात लिहिलेलं आहे.